फलकावर हसणारी जानीबाय

जानीबायला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गाडीला आडवी उभी राहिलेली. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरच्या शाळेत आम्ही निघालो होतो. शाळाशाळांतून फिरून मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी पथकात मी तेव्हा डॉक्टर होते. राहायला डहाणूला. रोज सकाळी निघायचं, आशागडला आमचे ड्रायव्हर रमणकाका राहायचे, तिथून ते गाडी चालवायला घ्यायचे आणि मग ठरलेली शाळा गाठायची.

त्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या मधोमध, एक काटक बाई उभी होती. वय पंचेचाळिशीचं असावं. गुडघ्याच्या थोडं खाली येणारं लुगडं, कडेला जमिनीवर सुक्या मासळीची टोपली. रमणकाकांनी भोंगा वाजवला. ती हलली नाही. मी खाली उतरले.

तिनं गाडीच्या अंगावरच्या चित्राकडे बोट केलं. "ह्यावर कोण हाय?"

सरकार नवं आलं होतं. मुलांच्या आजारांवरच्या योजनेत आणखी आजार, आणखी मुलं घेतली होती आणि ते सांगायला आमच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना पुढाऱ्यांचे हसरे चेहरे चिकटवून दिले होते.

"सरकारची गाडी आहे, बाई," मी म्हटलं.

"गाडी सरकारची. ही माणसं हायत. मी ओळखते ह्यांना. आधी ह्यांना झाका, मग पोरांना हात लावा."

मी वाद घालणार होते, पण रमणकाकांनी माझ्याआधी सीटवरची चादर काढली आणि दोरीनं गाडीला बांधून टाकली. दुसऱ्या बाजूला शाळेतली सतरंजी आली. जानीबायनं गाडीभोवती एक फेरी मारली, एका पुढाऱ्याचा कान दिसत होता तोही झाकायला लावला, आणि बाजूला झाली. पुढं ती चादर गाडीतच राहिली. एखाद्या गावात विरोधकांचा जोर असला की रमणकाका ती बांधायचे, दुसरं गाव आलं की सोडायचे. "आपल्याला काय मॅडम," ते गुजरातीमिश्रित मराठीत म्हणायचे, "गाडी तो तीच ने."

जानीबाय पंचायत समितीची सदस्य होती. बाईसाठी राखीव जागा निघाली तेव्हा तिच्या पक्षानं तिला उभं केलं आणि ती निवडून आली. पक्षांची नावं मी इथं घेत नाही. नाव घेतलं की वाचणारा आपापल्या बाजूनं वाचायला लागतो, आणि ही हकिगत कुठल्या बाजूची नाही. तिचा पक्ष विरोधातला होता, एवढं पुरे. निवडून आल्यावरही तिनं मासळीचा धंदा सोडला नाही. चिंचणीहून सुकट, बोंबील आणायचे आणि तलासरीच्या बाजारात विकायचे. सभेच्या दिवशी टोपली पंचायत समितीच्या पायरीवर ठेवायची आणि आत दारापाशीच्या खुर्चीवर बसायची. पुढची खुर्ची दिली तरी घ्यायची नाही. दारातून कोण येतं, कोण जातं, कोण कोणाच्या कानाला लागतं, हे सगळं तिला तिथून दिसायचं.

तिचा एक प्रश्न होता, तो ती सगळ्यांना विचारायची. "यात तुझं काय?" गटविकास अधिकाऱ्यांना विचारायची, रस्त्याच्या ठेकेदाराला विचारायची, अंगणवाडीला खेळणी वाटायला आलेल्या मुंबईच्या बायकांनाही विचारायची. त्या बायका गोंधळून म्हणाल्या, आमचं काही नाही, आम्हाला आनंद मिळतो. तेव्हा ती मान हलवून म्हणाली, "आनंद. बरं. तो किती दिवस पुरतो, ते बघू."

कचेरीतला चहा ती प्यायची नाही. "चहा पाजला की सही मागतात." फोटोचं तर नावच नको. कोणी मोबाइल वर केला की तिचा पदर तोंडावर आलाच. सभापतींच्या सत्काराच्या फोटोत एका कडेला नुसता पदर दिसतो, ती जानीबाय.

या फोटोच्या रागाबद्दल लोक एक गोष्ट सांगत. तिचा धाकटा मुलगा फार पूर्वी आजारी होता. निवडणुकीच्या आधी कुठल्याशा पुढाऱ्यानं शिबिर घेतलं, त्या पोराला मांडीवर घेऊन फोटो काढला, मुंबईला नेऊन बरं करतो म्हणाला. निवडणूक झाली आणि गाडी काही आली नाही. पोर गेलं. तिच्या विरोधातले लोक म्हणत, असं काही घडलंच नाही, पोर लहानपणीच तापानं गेलं, ही गोष्ट मतांसाठी रचलेली आहे. मी एकदा धीर करून तिला विचारलं. ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" मी नाव सांगितलं. "त्याचं यात काय?" एवढंच बोलून ती टोपली उचलून चालू लागली. खरं काय ते मला आजही माहीत नाही.

तिचा संशय दर वेळी बरोबर असायचा असं मुळीच नाही. शाळेत जंताच्या गोळ्या द्यायच्या होत्या तेव्हा तिनं पाड्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं की गोळीत काहीतरी आहे. एकही मूल तोंड उघडेना. मी समजावलं, मुख्याध्यापकांनी समजावलं. शेवटी जानीबायनं हात पुढं केला. "दे इकडं. मी खाते." तिनं गोळी चावून चावून खाल्ली आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिली. मुलं समोर रांगेत बसून तिच्याकडे टक लावून पाहत होती. मी चिडले होते, पण करण्यासारखं काही नव्हतं. बऱ्याच वेळानं ती उठली, पोटावरून हात फिरवला आणि मुलांना म्हणाली, "गोड हाय. खा." निघताना मला म्हणाली, "आज नाय झालं काय. म्हणून उद्या होणार नाय, असं नाय."

मलाही तिचा संशय यायचा, हे सांगायला हवं. एवढी पाड्यापाड्यांवर फिरते, प्रत्येक तपासणीला हजर असते, ते मुलांसाठी की मतांसाठी? माझ्या वरिष्ठांना माझा संशय यायचा. एकदा त्यांनी बोलावून विचारलं, "मॅडम, त्या बाईच्या फार जवळ आहात असं कानावर आलंय." मी म्हटलं, ती माझ्या गाडीसमोर उभी राहते, मग जवळच असते. ते हसले नाहीत.

दिव्याचं प्रकरण झालं ते यानंतर. दिव्या जानीबायच्या शेजारच्या पाड्यातली, दुसरीत शिकणारी. तिची आई वनिता वाडीवर चिकू काढायच्या मजुरीला जायची, बाप बोटीवर. पोर हडकुळी. खेळता खेळता मध्येच उकिडवी बसायची. मागच्या वर्षी तपासणीच्या दिवशी ती गैरहजर होती. यंदा मी छातीवर हात ठेवला तर तळव्याला थरथर जाणवली. कान लावायच्या आधीच मला कळलं की हृदयाला छिद्र असणार.

वनितेला सांगायला मी घरी गेले तर तिथं जानीबाय आधीच बसलेली. त्यामागचं कारण असं. निवडणुकीची हवा होती, पोटनिवडणूक लागणार असं बोललं जात होतं. सत्तेतल्या पक्षाचे तालुक्यातले पुढारी हसमुखभाई यांनी मुलांचं मोठं शिबिर ठेवलं होतं. भाईंच्या चिकूच्या वाड्या, हायवेला हॉटेल, माणूस बोलायला गोड. योजना सरकारची, डॉक्टर मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांतले, पण मांडव भाईंचा आणि बसवर झेंडे भाईंच्या पक्षाचे. पाड्यांमध्ये पसरलं होतं की भाईंची चिठ्ठी असल्याशिवाय पोराचं ऑपरेशन फुकट होत नाही. जानीबायच्या पक्षानं शिबिरावर बहिष्कार घातला होता. त्यांचे तालुका सचिव म्हणजे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचं म्हणणं होतं, सरकारी दवाखान्यात मुलांचा डॉक्टर नाही, ती जागा भरा. आमची पोरं खासगी दवाखान्यांच्या दारात कशाला पाठवता? म्हणण्यात तथ्य होतं. आणि जानीबाय दारोदार तेच सांगत फिरत होती, पोरं पाठवू नका.

मी दिव्याबद्दल सांगितलं. जानीबायनं विचारलं, "भाईचं शिबिर तोंडावर आलं, तेव्हाच बरं छिद्र सापडलं?"

"मागच्या वर्षी ती शाळेत नव्हती."

"तुला शिबिरासाठी पोरं भरून द्यायला सांगितलंय का?"

मला राग आला. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखव."

तिनं खरोखर दाखवलं. वनितेला आणि पोरीला घेऊन आधी डहाणूच्या एका डॉक्टरकडे गेली, मग हद्द ओलांडून वापीला एकाकडे गेली. दोघांनाही एकमेकांबद्दल सांगितलं नाही, माझ्याबद्दल तर नाहीच. त्यानंतर एका दुपारी ती आमच्या गाडीपाशी आली.

"तिघंही एकच सांगतात," ती म्हणाली. "एवढ्या लोकांनी मिळून ठरवलं नसेल."

"मग?"

"भाईच्या चिठ्ठीशिवाय होतं का?"

"व्हायला पाहिजे."

"पाहिजे की होतं? दोनातलं कोणतं ते सांग."

मी खरं ते सांगितलं. नियमाप्रमाणे चिठ्ठी लागत नाही, पथकाचा कागद आणि घरची कागदपत्रं पुरतात. पण आमच्या भागातून शिबिराशिवाय गेलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "शिबिरात नाय न्यायची. घरात पण नाय ठेवायची. आपण आपली बसनं नेऊ."

मुलांचा पाठपुरावा करणं माझ्या कामातच होतं, म्हणून मुंबईला पहिल्या खेपेला मीही गेले. दवाखाना मोठा, विश्वस्त संस्थेचा, योजनेच्या यादीतला. योजनेच्या टेबलाशी बसलेल्या तरुणानं विचारलं, "कोणत्या शिबिरातून आलात?"

"कोणत्याच नाय," जानीबाय म्हणाली.

"मग कोणाच्या तर्फे?"

"पोरीच्या आईतर्फे. ही बघा, ही आई."

तो म्हणाला, बसा, सांगतो. तो बाकाकडे हात करत होता. ती मात्र त्याच्या टेबलासमोर जमिनीवर बसली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. तो मान वर करायचा तेव्हा ती पाहतच असायची. तो जागा सोडून आत गेला तर ती दाराकडे पाहत राहिली, परत आला तर पुन्हा त्याच्याकडे. मला अवघडल्यासारखं झालं. मी मध्ये पडून त्याला माझी ओळख दिली, कागद पुढं सरकवले. जेवणाच्या सुट्टीआधी त्यानं ते घेतले. नंतर तो जानीबायला म्हणाला, "मावशी, चिठ्ठी लागत नाही हो. आम्ही सवयीनं विचारतो. तुमच्याकडून सगळे तसेच येतात." जानीबायनं वनितेकडे वळून सांगितलं, "ऐकलंस? हे ध्यानात ठेव. गावात सांगायचं."

ऑपरेशन झालं, नीट झालं. त्या दिवसांत मी गेले नाही, वनितेबरोबर जानीबायच राहिली. पोरीला पाजायच्या औषधाच्या बाटल्या ती उजेडाला धरून बघायची म्हणे, आणि नर्सला विचारायची, कालची हीच होती का. शिबिरातल्याही काही मुलांची ऑपरेशनं त्याच सुमारास झाली, तीही नीट झाली. काहींना बोलावणं यायला फार वेळ लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिते.

दिव्या घरी आली आणि थोड्याच दिवसांत हायवेवर तलासरीच्या नाक्याला फलक लागला. रमणकाकांनी गाडी हळू केली. "मॅडम, जुओ," बघा म्हणून त्यांनी वर बोट केलं. वर पुढाऱ्यांचे चेहरे, एका बाजूला हात जोडलेले हसमुखभाई, खाली मोठ्या अक्षरांत, भाईंच्या प्रयत्नांतून चिमुकलीला नवं जीवन. आणि मधोमध दवाखान्याच्या व्हरांड्यातला फोटो. नवा फ्रॉक घातलेली दिव्या, तिला धरून वनिता आणि शेजारी जानीबाय. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, मान मागं टाकून ती हसत होती. तिला हसताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. तिचा एक दात पडलेला आहे, हे मला त्या फलकावरून कळलं.

तिच्या पक्षात आग लागली. बहिष्कार घाला म्हणून सांगत फिरणारी बाई विरोधकाच्या फलकावर, आणि वर हसतेय. काय मिळालं, कधी ठरलं, पुढं तिकडूनच उभी राहणार का, असं बाजारात उघड बोललं जाऊ लागलं. आयुष्यभर जे तिनं लोकांना विचारलं, ते आता लोक तिला विचारत होते. तिच्या टोपलीसमोर उभं राहून एकानं म्हटलं, "बोंबील कुठला, भाईच्या वाडीतला का?" त्यानं मागितलेले बोंबील तिनं परत टोपलीत टाकले.

मास्तरांनी तिला घरी बोलावलं. तिथं काय झालं ते तिनंच मला नंतर सांगितलं, आणि मास्तरांनीही कधी नाकारलं नाही. मास्तर माणूस वाईट नव्हता, तिला पक्षात त्यांनीच आणलं होतं, सही करायला त्यांनीच शिकवलं होतं. ते म्हणाले, "जानी, तू पत्रकारांसमोर दोन गोष्टी सांग. फोटो फसवून घेतला, आणि ऑपरेशन पक्षानं लोकांकडून मदत गोळा करून केलं, योजनेतून नाही. मग हे सगळं मिटेल."

"फोटो कोणी दिला ते मला ठाऊक नाय," ती म्हणाली. "फसवून घेतला म्हणते. पण ऑपरेशन योजनेतून झालं."

"ते तुझ्यामाझ्यात राहील. लोकांना काय माहीत?"

"मास्तर, उद्या दुसऱ्या पोराची आई मला विचारेल, कुठं जाऊ. योजनेतून होत नाय म्हटलं तर ती पोर घेऊन घरात बसेल. का तुमच्याकडे पाठवू तिला? तुम्ही करून द्याल?"

मास्तर म्हणाले, "पुढच्या वेळी तुझं तिकीट मला वाचवता येणार नाही."

"नका वाचवू."

एवढ्यावर ती उठून आली. मला हे सांगताना ती मासळी निवडत होती, हात थांबला नव्हता. फक्त शेवटी म्हणाली, "सही त्यांनी शिकवली ना मला."

मग हसमुखभाई आले. ते स्वतः तिच्या घरी गेले, चिकूचं खोकं घेऊन. तिनं त्यांना अंगणातल्या खाटेवर बसवलं, पाणी विचारलं नाही. भाई म्हणाले, "बेन, तुमच्या पक्षानं तुमची कदर नाही केली. आमच्याकडे या. पुढच्या वेळी तुमची जागा नक्की."

"फोटो तुम्हाला कोणी दिला?"

"अरे बेन, फोटोचं काय घेऊन बसलात. पोरगी बरी झाली ना? काम झालं, मग नाव कोणाचं लागलं त्यानं काय फरक पडतो?"

"फरक पडत नाय तर काढा तुमचं नाव."

भाई हसले. ते रागावणारे नव्हते. जाताना खोकं ठेवून गेले, तिनं ते त्यांच्या हॉटेलवर पोचतं केलं. फलकही पोटनिवडणुकीची आचारसंहिता लागल्यावर उतरला. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पक्षाच्या बैठकांचे निरोप तिला येईनासे झाले. तिच्या दारावरून जाणारे जुने साथी खाली मान घालून जाऊ लागले.

तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली, फोटो दिला कोणी? तिचा संशय आधी दवाखान्यातल्या त्या टेबलाच्या तरुणावर होता. मग नर्सवर. मग माझ्यावर. हे तिनं लपवलं नाही. "तुझ्या मोबाइलात आमचे फोटो असतात," ती म्हणाली. मी मोबाइल तिच्या हातात दिला, बघ म्हटलं. तिनं बघितलं आणि परत दिला. "पुसता पण येतात," म्हणाली. बरेच महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मला वाईट वाटायचं, पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, असंही वाटायचं.

पुढच्या वर्षीच्या तपासणीला दिव्या शाळेत होती. अंगानं भरली होती. मी तिची छाती तपासत होते, वनिता फ्रॉकच्या मागची बटणं लावत होती, जानीबाय दाराला टेकून उभी होती. मी म्हटलं, आवाज स्वच्छ आहे. जानीबाय म्हणाली, "पोरगी बरी झाली हे खरं. पण तो फोटो देणारा मला सापडला पाहिजे."

वनिता बटण लावता लावता म्हणाली, "मी दिला."

जानीबायला आधी कळलंच नाही. "काय दिला?"

"फोटो. माझा भाऊ दवाखान्यात भेटायला आला होता ना, त्यानं काढला होता. दिव्यानं डॉक्टरची नक्कल केली, तेव्हा तुम्ही हसलात. मग भाईचा माणूस घरी आला, त्यानं मागितला. दिला."

"त्यानं काय दिलं तुला?"

"काय नाय."

"काहीच नाय?"

"पोरगी कशी हाय म्हणून विचारलं. बसला. तिच्याशी बोलला." वनितेनं पोरीचे केस मागं केले. "तुमच्या पक्षाचं कोणी आलं नव्हतं विचारायला."

बाहेर मुलं पाढे म्हणत होती. जानीबायनं विचारलं, "मला सांगितलं का नाय?"

"तुम्ही सगळ्यांना विचारलं. मला कुठं विचारलं?"

ते खरं होतं. तिनं सगळ्या जगावर संशय घेतला, वनितेवर घेतला नव्हता. मला वाटलं, आता ती काहीतरी तोडून बोलेल, कारण तिचं पुढचं तिकीट, तिचे साथी, मास्तर, सगळं त्या एका फोटोपायी गेलं होतं, आणि वनितेला त्यातलं काही नीट ठाऊकही नव्हतं. जानीबाय बाहेर गेली. व्हरांड्याच्या कडेला पाठमोरी बसली. वनिता घाबरून माझ्याकडे पाहू लागली. मी नुसता हात केला, थांब म्हणून.

थोड्या वेळानं ती आत आली. तिनं वनितेला विचारलं, "तू बघितला होतास तो फलक?"

"हो."

"मी गेलेच नाय बघायला. मी हसतेय म्हणतात."

"हसताय."

"चांगली दिसत होते?"

वनितेच्या आधी दिव्या म्हणाली, "दात नव्हता."

जानीबायनं तोंडावर पदर घेतला. ती रडत होती की हसत होती, ते मला पदराआडून कळलं नाही. मग तिनं टोपली उचलली आणि वनितेला म्हणाली, "चल, ऊन चढेल." माझ्याकडे वळून ती काही बोलेल असं मला वाटलं. तिनं फक्त टोपलीतून कागदात बांधलेली थोडी सुकट काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी नको म्हणाले नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. निघायच्या आधी, २०१९च्या निवडणुकीच्या धामधुमीत, मी तिला शेवटचं पाहिलं. मी नाक्यावरच्या दुकानात काहीतरी घेत होते. हायवेच्या कडेला जानीबाय, वनिता आणि दिव्या बसची वाट बघत उभ्या होत्या. दिव्याची मुंबईला फेरतपासणी होती. ऊन मी म्हणत होतं. पोर आईच्या कमरेला टेकून डोळे मिटून उभी होती. तेवढ्यात हसमुखभाईंची जीप येऊन थांबली, झेंडा लावलेली. भाईंनी काच खाली केली. "बेन, मुंबईलाच चाललोय. बसा तिघी. दवाखान्याच्या दारात सोडतो."

वनितेनं जानीबायकडे पाहिलं. जानीबायनं जीपकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. तिनं मागचं दार उघडलं आणि वनितेला म्हणाली, "बस. पोरीला सावलीकडे बसव."

"आणि तुम्ही?"

"मी बसनं येते."

भाई म्हणाले, "अरे, जागा आहे ना."

"मी पोचेन तेव्हा ह्या दोघी दवाखान्यात पाहिजेत," ती म्हणाली. "आणि फोटो नाय काढायचा." तिनं दार लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं.

जीप गेली. मी दुकानातून तिला हाक मारणार होते, पण ती जीप गेली त्या दिशेला डोळ्यांवर हात धरून पाहत होती, म्हणून राहिले. जरा वेळानं बस आली. बसवर मुंबईची पाटी होती. जानीबायनं ती शेजारच्या माणसाकडून वाचून घेतली, कंडक्टरला विचारलं, मग पुढं जाऊन ड्रायव्हरलाही विचारलं, आणि मगच चढली.